जमीन मऊ होईपर्यंत

नॉर्डबी, मिनेसोटा
१४ जानेवारी १९९६

डोरीन यांस,

अंत्यविधीसाठी अशा थंडीत, कंबरेचे दुखणे सोसत तुम्ही स्पोकेनहून आलात. त्याबद्दल विमानतळावर नीट आभार मानता आले नाहीत, ते आज लिहून मानतो. लिहिण्यावाचून इलाजही नाही, कारण घरातला फोन बंद आहे. कर्टिसने दोन्ही फोन भिंतीतून उपटले, जुन्या रजईत गुंडाळले आणि गॅरेजमध्ये नेऊन ठेवले. त्यांच्यातून कोणीतरी आपला श्वास ऐकते, असे त्याचे म्हणणे. मी त्याला टेलिफोनची रचना आकृती काढून समजावली. त्याने आकृतीची घडी करून खिशात घातली. फोन मात्र परत आले नाहीत.

आठ वर्षांपूर्वी त्याला कॉलेजातून घरी आणावे लागले, तेव्हापासून त्याच्या आजाराचे सर्व काही तुमच्या बहिणीने पाहिले आणि मी रस्ते विभागात नकाशे काढत राहिलो. आता ते काम माझ्याकडे आले आहे. आर्लिस ठेवत असे तशीच मी गोळी ताटाशेजारी ठेवतो. तो ती घेत नाही. मी अन्नात विष घालतो, असा त्याला संशय आहे. मी त्याला सर्व डब्यांवरील छापील माहिती वाचून दाखवली आणि संशय निराधार असल्याचे सिद्ध केले. उपयोग झाला नाही.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. तळघरातल्या फ्रीझरमध्ये आर्लिसने करून ठेवलेले डबे आहेत, तेवढे तो खातो. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर आर्लिसच्या अक्षरात पदार्थाचे नाव आणि तारीख. तो आधी ती पट्टी बोटाने चाचपतो, मग खातो. आईच्या आठवणीने त्याचे मन असे हळवे झालेले पाहून मलाही बरे वाटते.

दफनाबद्दल तुम्हाला ठाऊकच आहे. जमीन पाच फूट खोल गोठली आहे. मे महिन्याआधी कुदळ चालणार नाही. तोवर आर्लिसची पेटी कबरस्तानाच्या उत्तर टोकाच्या दगडी कोठीत, या हिवाळ्यात गेलेल्या इतरांच्या शेजारी आहे. इथे सर्वांचे असेच होते. कर्टिसला तेवढे ते पटत नाही.

शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या जेवणाची सर्व भांडी मी आठवड्याच्या आत घासून, आभाराच्या चिठ्ठीसह परत केली. आमचे व्यवस्थित चालले आहे, असेही चिठ्ठीत लिहिले. कोणाच्या उपकाराखाली राहणे मला आवडत नाही.

आपला,
आयनार क्वामे

•

स्पोकेन
२२ जानेवारी

आयनार,

तुझं पत्र उघडलं तर वाटलं, रस्ता बंद असल्याची सरकारी नोटीसच आली. बाबा रे, मी तुझ्या बायकोची मोठी बहीण आहे, जिल्हा कचेरी नाही.

आता जरा बस आणि नीट वाच.

पहिलं. ती भांडी परत का केलीस, शहाण्या? ती सगळी? आर्लिस शेजारच्या लवॉनचं एक तरी भांडं कायम घरात अडकवून ठेवायची. विसरून नाही, मुद्दाम. भांडं तुमच्या फळीवर असलं की लवॉनला दार वाजवायला निमित्त असतं. आत आली की कर्टिसला बघते, तुला बघते, कॉफी पिते. तू चिठ्ठ्या लिहून अख्ख्या गावाला दार लावून घेतलंस!

दुसरं. तो हळवा झालेला नाही, आयनार. तो घाबरलाय. त्याला भरवसा वाटतो असं अन्न या जगात एवढंच उरलंय, म्हणून तो ते खातो. आणि आर्लिसला हे माहीत होतं. पोटात तो आजार घेऊन सगळा ऑक्टोबर ती ओव्हनपाशी उभी होती. फोनवर मी तिला ओरडले. ओव्हनच्या दारावर भाजून भाजून तिच्या मनगटांवर डागावर डाग. म्हणाली, "डोरीन, हे नंतरसाठी आहे गं." तो फ्रीझर रिकामा होईल तेव्हा काय करणार आहेस, याचा विचार आत्ता कर.

तिसरं. त्याच्याशी वाद घालू नकोस. माझ्या क्रिस्टीला आवाज ऐकू यायला लागले तेव्हा मीही दोन वर्षं वाद घातला. मी जिंकायचे आणि ती खोलीची कडी लावायची. त्याचं खरं आहे असंही म्हणू नकोस. "तुला भीती वाटत असेल," एवढं म्हण आणि शेजारी बस. तुमच्या तालुक्याच्या गावी चर्चच्या तळघरात मंगळवारी आपल्यासारखी माणसं जमतात, घरात असं कुणी असलेली. आर्लिस जायची. तुला "शिवणाचा क्लास" म्हणून सांगायची. जा तिथे.

आणि सगळ्यात मोठं. त्याच्याशी खोटं बोलू नकोस. कधीच. सगळं जग आपल्याला फसवतंय असं ज्याला वाटतं, त्याच्या हाती एक खरोखरचं खोटं लागलं की संपलं.

डोरीन

•

नॉर्डबी
१ फेब्रुवारी

डोरीन यांस,

आज तापमान उणे चाळीस आहे. गाडीचे इंजिन गोठू नये म्हणून लावलेली विजेची वायरही वाकेनाशी झाली आहे.

मंगळवारी तालुक्याच्या गावी गेलो होतो. चर्चच्या आवारात गाडी उभी केली. तळघराच्या खिडकीतून उजेड दिसत होता, खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. मी इंजिन चालू ठेवून बराच वेळ बसलो आणि परत आलो. अपरिचित लोकांसमोर घरातली गोष्ट कशी मांडायची, हे मला कोणी शिकवलेले नाही. आर्लिस शिवणाला जात नव्हती, हेही मला तुमच्याकडून कळावे!

तुमच्या सूचनेप्रमाणे मी वाद घालणे थांबवले आहे. पण कर्टिस स्वतःच प्रश्न विचारतो, आणि उत्तर तर द्यावेच लागते. काल तळघराच्या पायरीवर बसून म्हणाला,

"आई कुठे आहे?"

"कोठीत."

"म्हणजे पुरलेली नाही."

"जमीन गोठली आहे, कर्टिस."

"पाण्याची पाइप फुटली की जानेवारीतही खणता ना तुम्ही लोक."

"ते यंत्राने खणतात."

"मग यंत्र का नाही आणलंत, बाबा? तुमच्या खात्यात आहेत."

मी सदतीस वर्षे त्या खात्यात काढली. यंत्रे आहेत. मला उत्तर देता आले नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "तुम्ही कशाची तरी वाट बघताय."

तो आता दिवसाही फ्रीझरपाशीच बसतो. आत फार थोडे डबे उरले आहेत. मी स्वतः केलेल्या सूपला त्याने शिवलेही नाही. त्याची हाडे दिसू लागली आहेत. गेल्या वेळी अशी अवस्था झाली तेव्हा त्याला हातापायांना पट्टे बांधून इस्पितळात नेले होते. आर्लिसने त्या दिवशी माझ्याकडून वचन घेतले होते की पुन्हा असे होऊ देणार नाही. ते वचन मला पाळायचे आहे. माझी याहून दुसरी कोणतीही इच्छा उरलेली नाही.

एक विनंती. आर्लिस जंगली तांदूळ आणि कोंबडीची हॉटडिश ओव्हनमध्ये भाजत असे, तिच्यात ती नेमके काय घालत असे? चव अगदी तशीच यावयास हवी. कृपया लवकर कळवा.

आपला,
आयनार

•

स्पोकेन
८ फेब्रुवारी

आयनार,

तू आणि स्वयंपाक! आर्लिस असती तर गावभर सांगत सुटली असती.

घे लिहून. तांदूळ आदल्या दिवशी भिजवायचा. कोंबडी उकडून हाताने सोडवायची, सुरीने नाही. मशरूमच्या सूपचा डबा, थोडं दूध, सेलरी, आणि तिची गंमत म्हणजे चिमूटभर जायफळ. हे ती कुणाला सांगत नसे. वरून चुरलेली बिस्किटं आणि लोणी. कडा करपू द्यायच्या, कर्टिसला करपलेल्या कडा आवडतात.

पण त्याच्या डोळ्यांदेखत कर. भांडं त्याला उघडून दाखव, कोंबडी त्यालाच सोडवायला दे. त्याच्या ताटातला पहिला घास तू खा. आणि पट्टीवर मोठ्या अक्षरात तुझं नाव घाल. पहिले काही दिवस खाणार नाही. रोज करत राहा.

आणि डॉक्टरांना फोन कर, पोस्टातून कर. अशा आजारांसाठी जिल्ह्याची माणसं असतात, ती घरी येऊन बोलतात, पट्टे न बांधता. हाडं दिसायला लागल्यावर एकट्याने किल्ला लढवायचा नसतो. मंगळवारी इंजिन बंद कर आणि गाडीतून उतर. तिथे कुणी भाषण करायला लावत नाही, नुसता केक खाल्लास तरी चालतं.

डोरीन

•

नॉर्डबी
२४ फेब्रुवारी

डोरीन यांस,

परिस्थितीत लक्षणीय सुधारणा झाली आहे, हे कळवण्यास आनंद होतो.

कर्टिस दोन्ही वेळा जेवतो. रात्रभर झोपतो, दुपारीही झोपतो. खोलीत येरझाऱ्या घालणे, पुटपुटणे, सगळे थांबले आहे. जेवणानंतर त्याचा हात थोडा कापतो आणि मान खाली जाते. एकदा चमचा हातातून गळून पडला. इतक्या दिवसांचा थकवा बाहेर पडत असावा. आर्लिसचे डबे अजून पुरत आहेत. डॉक्टरांशी पोस्टातून बोललो. त्यांनी गोळीऐवजी तेच औषध थेंबांच्या स्वरूपात लिहून दिले, चव नसलेले. तेव्हा तीही बाजू सांभाळली गेली आहे. जिल्ह्याच्या माणसांची आता आवश्यकता दिसत नाही.

त्याच्या बोलण्यातही फरक पडला आहे. परवा जेवताना पट्टीवरून बोट फिरवत तो चक्क हसला आणि म्हणाला, "आई बरी होतेय." आर्लिस गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिले नव्हते. तुमचा सल्ला स्मरून मी त्याला खोडून काढले नाही. होही म्हटले नाही. नुसता शेजारी बसलो.

लवॉन पुन्हा एक हॉटडिश दारात ठेवून गेली होती. भांडे त्याच दिवशी परत केले. सध्या घरात कोणी येऊ नये, असे मला वाटते.

फावल्या वेळात मी जुनी नकाशाची पेने बाहेर काढली आहेत. आर्लिसची लग्नाआधीची पत्रे समोर ठेवून तिचे अक्षर गिरवतो. तिच्या अक्षराला उजवीकडे किंचित कल होता आणि ओळीच्या शेवटी ती घाई करत असे. माझा हात अजून स्थिर आहे. चांगली करमणूक होते.

आपला,
आयनार

•

स्पोकेन
२९ फेब्रुवारी

आयनार,

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं.

हात कापणं, मान टाकणं हा थकवा नाही. क्रिस्टीला जास्त औषध झालं की असंच व्हायचं. पण कर्टिस औषध घेतच नाही. आणि आर्लिसचे डबे, जे संपत आले होते, ते अजून पुरतायत? आणि तू तिचं अक्षर गिरवतोयस?

मला उत्तर नको. मला समजलं.

तुला वाटतं तू त्याला वाचवतोयस. माझ्या देवा, आयनार, तो म्हणत होता की तुम्ही माझ्या अन्नात काहीतरी घालता. ते खोटं होतं. तू ते खरं केलंस.

आजपासून ते थेंब घालणं बंद, पण परस्पर नाही. आधी डॉक्टरांना सांग, ते सांगतील तसं. आणि त्याला खरं सांग. दिवसाउजेडी, तिसरं माणूस घरात असताना. एकटा असताना नको. मी लवॉनला फोन करतेय. तिला दारातून परत पाठवलंस तर मी माझ्या या मोडक्या कंबरेनिशी तिथे येईन आणि तुझ्या नरड्याला हात घालीन.

आणि "आई बरी होतेय" असं तो का म्हणाला, हे त्याला विचार. आजच विचार. मला ते हसू आवडलेलं नाही.

डोरीन

•

नॉर्डबी
१२ मार्च

डोरीन यांस,

तुमचे पत्र सोमवारी मिळाले. मी ते कोटाच्या खिशात ठेवले आणि रविवारी, चर्चहून आल्यावर सांगायचे असे ठरवले. मला योग्य शब्द जुळवायचे होते. मंगळवारी दुपारी मी औषधाच्या दुकानातून परतलो तेव्हा मागचे दार सताड उघडे होते, स्वयंपाकघरात बर्फाची भुकटी आली होती. कर्टिसचा कोट खुंटीवर होता. गॅरेजमधली पहार नव्हती. फ्रीझरच्या झाकणावर त्याने पट्ट्या ओळीने चिकटवल्या होत्या, मी केलेल्या डब्यांवरच्या. अक्षरात कुठेही दोष नव्हता. ते आर्लिसचेच अक्षर होते.

खाली तारखा होत्या. सतरा फेब्रुवारी. एकवीस फेब्रुवारी. तीन मार्च.

डोरीन, सदतीस वर्षांत मी एकही नकाशा तारखेशिवाय हातावेगळा केला नाही. मी नाव खोटे लिहिले, अक्षर खोटे लिहिले, आणि तारीख खरी लिहिली. लिहिताना मला काही जाणवलेसुद्धा नाही. त्याची आई फेब्रुवारीत स्वयंपाक करत होती. तिला पुरलेले नव्हते, आणि का नाही हे तिचा नवरा सांगू शकत नव्हता. याचा अर्थ काय लावायचा, ते त्याने लावले. त्यात तर्काची चूक मला अजूनही काढता येत नाही.

पुढचे मला लवॉनकडून कळले. ती "आपले भांडे न्यायला" निघाली होती, जे मी तिला केव्हाच परत केले होते. कबरस्तानाच्या रस्त्यावर तिला तो दिसला, डोक्यावर टोपी नाही, हातात पहार. उणे तीस होते. ती त्याच्या मागे गाडी घेऊन गेली. तो कोठीच्या लोखंडी दारावर पहार मारत होता.

"कर्टिस, काय करतोयस रे राजा?"

"आई आत आहे. बाहेरून कुलूप लावलंय तिला. आज किती थंडी आहे बघा ना!"

लवॉनने नाही म्हटले नाही, हो म्हटले नाही. गाडी दारासमोर आणून उभी केली, हीटर पूर्ण सोडला आणि शेजारचे दार उघडले. म्हणाली, "तुला किती भीती वाटत असेल. हात बघ कसे झालेत. इथे बस, इथून दार दिसतं. आपण दोघं लक्ष ठेवू, आणि उघडायचा अधिकार ज्यांना आहे त्यांना बोलावू." तो पहिल्यांदा आला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग आला. जिल्ह्याची माणसे पोहोचेपर्यंत दोघे त्या दाराकडे बघत बसले होते. त्याला कोणी पट्टे बांधले नाहीत.

उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके काढावी लागली. तो इस्पितळात आहे. डॉक्टरांना मी सर्व सांगितले. तो मला भेटत नाही. नर्सकडून त्याने एवढाच निरोप पाठवला: "त्यांना विचारा, तिला बाहेर कधी काढणार."

आयनार

•

स्पोकेन
१८ मार्च

आयनार,

शिव्या तयार ठेवल्या होत्या. पत्र वाचल्यावर एकही देववली नाही.

तो भेटत नसेल तर त्याच्या दाराबाहेर बाकावर बस. रोज. पेपर वाच. निरोप पाठवू नकोस, खाऊ पाठवू नकोस. तुझा बूट त्याला दाराखालून दिसू दे.

आणि त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर दे: मे महिन्यात, जमीन मऊ झाली की. तो पेटी उघडून बघायची म्हणाला तर पास्टर नाक मुरडतील, मुरडू देत. डॉक्टरांना विचारून ठरव.

मंगळवारी जातोस का?

डोरीन

•

नॉर्डबी
१४ मे

डोरीन यांस,

मंगळवारी जातो. पहिल्या तिन्ही वेळा नुसता केक खाल्ला. चौथ्या वेळी तारखेची गोष्ट सांगितली. कोणी दचकले नाही. एका लाकूडतोड्याने सांगितले की त्यानेही बायकोच्या कॉफीत औषध घातले होते. मग त्याने मला आणखी एक तुकडा वाढला.

शनिवारी आर्लिसला माती दिली. कर्टिस इस्पितळातून आला होता. औषध आता तो स्वतःच्या हाताने, नर्सच्या समोर घेतो. थोडेच घेतो, पण घेतो. त्याने पेटी उघडण्याची मागणी सोडली नव्हती. डॉक्टरांनी त्याच्याशी दोनदा बोलून संमती दिली. पास्टरांनी नाक मुरडले. कोठीच्या दारावर पहारेचे घाव अजून आहेत.

झाकण उघडले तेव्हा तो तिच्या चेहऱ्याकडे फार पाहत राहिला नाही. त्याने तिची बाही वर केली, आधी एक, मग दुसरी. मनगटे पाहिली.

"नवा डाग नाही," तो म्हणाला.

"नाही."

"म्हणजे ती ओव्हनपाशी नव्हती."

"नव्हती. ती डिसेंबरमध्येच गेली, कर्टिस."

"मग कोण होतं?"

मी अनेक वाक्ये तयार केली होती. त्यातले एकही वापरले नाही. "मी," म्हटले. "अक्षर मी काढलं. औषध मी घातलं. तुला न सांगता."

खोदणाऱ्या माणसांनी टोप्या हातात घेतल्या होत्या. लवॉनने माझी बाही पकडली होती, मी पळून जाईन अशा धास्तीने. कर्टिसने आईच्या बाह्या खाली ओढून नीट केल्या. मग माझ्याकडे पाहिले.

"तारीख तरी खोटी घालायचीत, बाबा."

"ते मला जमत नाही."

त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. ते हसू होते की नाही, मला सांगता येणार नाही. यापुढे मी त्याच्या हसण्याचा अर्थ विचारल्याशिवाय लावणार नाही.

तो सध्या घरी आहे. फ्रीझरला त्याने स्वतःचे कुलूप लावले आहे. किल्ली गळ्यात घालतो. आत आर्लिसचा एकच खरा डबा उरला आहे, ऑक्टोबरचा. तो कशासाठी राखला आहे, हे मी विचारले. म्हणाला, "तुमचं काही चुकलं तर." रात्री त्याच्या खोलीची कडी लागल्याचा आवाज येतो आणि मी अंधारात ऐकत पडतो. हे संपलेले नाही, डोरीन. ते संपेल असे मंगळवारी कोणी म्हणतही नाही.

काल मी हॉटडिश केली, मधल्या टेबलावर, त्याच्या समोर. तांदूळ त्याने पाहिला, जायफळ हुंगले. कोंबडी सोडवायला मात्र त्याने नकार दिला. मी भांड्यावर पट्टी लावली: आयनार, १३ मे. त्याने ती वाचली, कॅलेंडरकडे पाहिले, पुन्हा वाचली. कडा करपल्या होत्या.

"आधी तुम्ही," तो म्हणाला.

मी त्याच्या ताटातून खाल्ले. तो समोर बसून माझ्या तोंडाकडे, मग हातांकडे, मग घड्याळाकडे पाहत राहिला. अन्न थंड झाले. बाहेरचा उजेड सरला. मी उठलो नाही. शेवटी त्याने ताट माझ्याकडे सरकवले, न शिवता.

"उद्या परत करा," तो म्हणाला. "मी बघेन."

तांदूळ भिजत घातला आहे. दफनाच्या दिवशी लवॉनने आणलेले भांडे फळीवर आहे. ते मी घासलेले नाही आणि परतही केलेले नाही. गुरुवारी ती ते मागायला येईल, तेव्हा सापडत नाही असे तिला सांगणार आहे. एवढे खोटे बोलायला मी शिकलो आहे.

आयनार